वरची बिजागरी

भिकुबाई : सोड वं तो पेचकस. स्क्रू नुसता फिरी ऱ्हायना, धरी नही ऱ्हायना. कव्हयनी देखी ऱ्हायनी मी.

दिपमाला : दिसतंय मला, आई. हळू बोला. भूषण आत्ता कुठे झोपलाय हॉलमध्ये.

भिकुबाई : मी हळूच बोलस. करकर तुन्ही चालू शे. त्या झुलाल मिस्तरीले बलाव आनि मोकळी व्हय. मन्ही चारनी गाडी शे शिंदखेडानी.

दिपमाला : मिस्त्री कुणाच्या तरी रुखवताच्या कपाटात अडकलेत. मंगळवारी येतो म्हणाले. माझी बाळंतपणाची रजा संपली, सोमवारी कॉलेजात कामावर हजर व्हायचंय. तोवर या झोपायच्या खोलीच्या दारावर माझा विश्वास नाही.

भिकुबाई : दारवर नही आनि मन्हावरबी नही.

दिपमाला : आई, आता नको.

भिकुबाई : काल सांजले तूच बोलनी. 'तुमच्या भरवशावर पोरगं सोडून जायचं तरी कसं?' बठ्ठी गल्लीनी ऐकं. आज सकाळले ती सुनंदाबाई माले चहा पाजाले उनी. इतली दया उनी तिले मन्ही.

दिपमाला : घाबरले होते मी. कॉलेजात पत्र देऊन घरी येते तर हे दार गच्च बसलेलं, भूषण आत एकटा, आणि तुम्ही बाहेर जमिनीवर बसलेल्या. आतून आवाज नाही. कसंबसं दार उघडलं तर तो जमिनीवर, कपाळावर हे एवढं टेंगूळ. पलंगावरून पडलेला. मला काय वाटलं असेल?

भिकुबाई : वाटनं ते बरोबरच वाटनं. म्हनीसनच जास मी. तुन्ही मायले बलाव सावदाथून.

दिपमाला : तिकडे केळीची कापणी चाललीय. मजुरांच्या भाकरी कोण करणार? आली तरी दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी तिला घर आठवेल.

भिकुबाई : मंग पाळणाघरमा घाल. तठे दारं तरी चांगला व्हतीन.

दिपमाला : टोमणे मारून दमत नाही तुम्ही?

भिकुबाई : दमस ना. बठ्ठा कामना दम लागस आते. टोमनाले तेव्हढं गुडघा मोडना पडत नही.

दिपमाला : बरं, मारा. पण जाईपर्यंत जरा हात लावा मला. दार उचलून धरायला दुसरं माणूस पाहिजे. हे बघा, वरच्या बिजागरीचे तिन्ही स्क्रू चौकटीतून सुटलेत. म्हणून दार मुठीकडून खाली लोंबतं आणि वरचा कोपरा चौकटीत जाऊन रुततो. काल तोच रुतला. दार उचलायचं, भोकं भरायची, परत स्क्रू मारायचे. मी सकाळी त्याला पाजता पाजता व्हिडिओ बघितला.

भिकुबाई : मंग योगराजनी खालेथून कसाले तासं व्हतं?

दिपमाला : खालून फरशीला घासत होतं म्हणून.

भिकुबाई : खाले घासस म्हनीसन खाले तासं! मानूस लंगडस तर त्यानी चप्पल काप!

दिपमाला : महिन्यातून दोन रविवार घरी येतो बिचारा तुमचा मुलगा. त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. आता चांगली दोन बोटं फट पडलीय. झुरळं मान ताठ करून जातात-येतात.

भिकुबाई : आंडोर मन्हाच शे, कोनले बोलू? बापवर गया. तुन्हा सासरानी एकदाव खाट डुगडुगस म्हनीसन एक पाय कापा. मंग दुसरा जास्ती वाटना, तो कापा. कापता कापता खाटना पाट व्हई गया. आजबी त्यावर बशीसन जेवस आनि सांगस, पाट मी बनावा.

दिपमाला : हसवू नका. हात हलतो माझा.

भिकुबाई : हस. काल दुपारपासून तुन्हं तोंड देखवत नही.

दिपमाला : आई, या मुठीवर हे काय? गोल काच पडलाय, दोरीनं घासल्यासारखा.

भिकुबाई : ऱ्हाऊ दे.

दिपमाला : दार कशानं बिघडलं ते तरी कळू द्या.

भिकुबाई : झोळीनी दोरी बांधस मी त्या मुठले.

दिपमाला : दाराला?

भिकुबाई : झोळी आत लटकस, आनि मी सयपाकघरना उंबरठावर बसस भाजी निवडाले. बसेल जागावरथून पायवरी दार ढकलस. दार गयं की झोळी गयी, झोळी उनी की दार उनं. झोळीपाशी उभं ऱ्हावाले मन्हा गुडघा ऐकतस का?

दिपमाला : म्हणजे तो जन्मल्यापासून रोज दिवसभर हे दार हलतंय. मग स्क्रू सुटतील नाही तर काय?

भिकुबाई : दार हालनं म्हनीसन पोर झोपनं. पोर झोपनं म्हनीसन तू झोपनी. दुपारले तोंड उघडं टाकीसन घोरस तू, कोन्या पुण्याईवर?

दिपमाला : मी घोरत नाही.

भिकुबाई : नही ना. कुलर घोरस.

दिपमाला : मी तर माझ्या आईला फोनवर सांगायचे, सासूबाईंचा हात लागला की गुपचूप झोपतो. हात कुठला, पाय होता.

भिकुबाई : पाय काय शेजारीनना व्हता?

दिपमाला : नाही हो. ...जाऊ द्या. भोकं चांगलीच मोठी झालीत. व्हिडिओतला माणूस आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भरतो. गुल काढून.

भिकुबाई : आगपेटीनी काडी मऊ ऱ्हास, चुरा व्हई. कुऱ्हाडना दांडा हालना की आम्ही बाभूळनी पाचर मारतस.

दिपमाला : आता धुळ्यात, भर दुपारी, बाभूळ कुठं शोधू मी?

भिकुबाई : बाभूळ नही तर बांबू. गच्चीवर तुटेल सूप पडेल शे. त्यान्या कामट्या काढ.

दिपमाला : ते सूप? तुम्हीच म्हणाला होतात, टाकू नको, सूप टाकत नाहीत.

भिकुबाई : टाकी नही ऱ्हायनूत. दारमा भरी ऱ्हायनूत.

दिपमाला : आणते. भूषणवर लक्ष ठेवा, इथूनच दिसतो तो.

भिकुबाई : देखू का? भरवसा शे?

दिपमाला : आई, मी रात्रभर झोपले नाहीये. पाया पडू का?

भिकुबाई : जाय, जाय. देखस मी.

(दिपमाला गच्चीवर जाऊन तुटकं सूप घेऊन येते.)

दिपमाला : घ्या. विळीवर तासून द्या बारीक. मी तोवर भोकं साफ करते. ...काय झालं? धरता येत नाहीये का?

भिकुबाई : येस. निसटनी.

दिपमाला : तुम्ही कालपासून डाव्या हातानं जेवताय. दाखवा बोटं. अगं बाई! हे कशानं?

भिकुबाई : तवाना चटका लागना.

दिपमाला : चारही बोटांच्या पाठीवर? कातडं सोललंय सगळं. चटका असा लागतो का?

भिकुबाई : मन्हा तवा तसाच शे. तू तास कामट्या. मी सांगस. इतल्या जाड नको... हां. शेंडा बारीक ठेव, बूड जाड.

दिपमाला : मलम लावलंत?

भिकुबाई : हयद लायी. तास तू.

दिपमाला : गोंद लावला. आता ठोकू? जागा होईल तो.

भिकुबाई : वरवंटावर फडकं गुंडाळ आनि ठोक. ...अजून एक कामटी बशी त्यामा. अजून ठोक. आते काप जास्तीनं.

दिपमाला : गच्च बसली. खरंच गच्च बसली, आई. आता दार उचलायचं. तुम्हाला हातानं जमणार नाही.

भिकुबाई : हातनी कोन उचलस? ते धोपाटणं आन मोरीमातलं. आनि कुंडीखालेनी वीट. वीटवर धोपाटणं आडवं ठेव, शेंडा मुठनी बाजूले दारखाले घाल. मी स्टूलवर बशीसन दुसरा टोकले पाय देस.

दिपमाला : गुडघ्याला झेपेल?

भिकुबाई : सहा महिना झेपनं.

दिपमाला : हं, द्या पाय. अजून. अजून थोडा... थांबा! वरचा कोपरा सुटला चौकटीतून. हलू नका आता. स्क्रू कुठं ठेवले मी?

भिकुबाई : तुन्ही ओढणीनी गाठमा. पाच मिनिट पहिलेच बांध्यात तू.

दिपमाला : डोकंच चालत नाहीये. खाली पाचर सरकवते, म्हणजे तुमच्या पायावर सगळा भार येणार नाही. वाकू द्या मला. ...आई, हे काळं काय आहे?

भिकुबाई : कोठे?

दिपमाला : दाराच्या आतल्या बाजूला. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

भिकुबाई : वंगन व्हई.

दिपमाला : वंगण बिजागरीला असतं, आणि ते अजून मी लावलेलंच नाही. ही तर मुठीकडची बाजू. ...एरंडेलाचा वास येतोय. काजळ आहे हे. तुम्ही पाडता ते. भूषणच्या कपाळाची तीट.

भिकुबाई : लागनी व्हई कव्हय तरी. त्याले कडवर लिसन मी दिवसभर येस-जास.

दिपमाला : कडेवरच्या पोराची तीट दाराला वीतभर उंचीवर लागते?

भिकुबाई : दिपा, मन्हा पाय भरी उना. स्क्रू मार पहिले.

दिपमाला : काल तो दाराशी होता?

भिकुबाई : स्क्रू मार म्हनस ना.

दिपमाला : पण दाराशी येईल कसा? तो तर अजून नुसता लोळतो, पुढे सरकतसुद्धा नाही.

भिकुबाई : काल सरकना.

दिपमाला : काय?

भिकुबाई : सरकना काल. पोटवर.

दिपमाला : तुम्ही मला सांगितलं नाहीत.

भिकुबाई : तू कोठे माले बोलू दिधं? आनि मंग मीच बोलनी नही. पलंगवर मी त्याले ठेयेलच नव्हता. खाले गोधडीवर, खिडकीपाशी. लंगोट वाळत घालाले अंगनमा गयी, आनि अशी वावटळ उठनी, धाडकन दार लागनं. मी ढकली ढकली थकनी. तो रडी रडी थकना. कोनी गल्लीमा नही, बठ्ठा कुलर लायीसन आडवा पडेल. मंग मी खाले झोपनी, फटले तोंड लावं आनि बोलाले लागनी. काय बोलनी ते माले बी ध्यानमा नही. फटमा हात घाला. बांगड्या वाजाड्यात.

दिपमाला : आणि तो आला.

भिकुबाई : कोपरावर जोर दी-दीसन. जमीन पुसत उना बठ्ठी. मधमा थांबना, रडना, परत निंघना.

दिपमाला : तुम्हाला दिसलं?

भिकुबाई : एक डोळा फटले लायेल व्हता. निम्मं दिसनं. एक कान, एक हात. मंग मन्हं बोट धरं, तोंडमा घातलं, आनि दारले डोकं टेकीसन तठेच झोपी गया.

दिपमाला : म्हणून आवाज नव्हता त्याचा.

भिकुबाई : झोपना व्हता.

दिपमाला : आणि म्हणून तुम्ही दार ढकलत नव्हतात.

भिकुबाई : तो मांगेच व्हता ना माय. ढकलू कशी?

दिपमाला : मी आल्या आल्या ओरडले, 'नुसत्या बसून काय राहिलात?' तुम्ही थांब, थांब म्हणत होतात. ऐकू येत होतं मला. मला वाटलं, गुडघा धरलाय, उठायला वेळ लागतोय म्हणून म्हणताय. आणि मी खांद्यानं...

भिकुबाई : दिपा.

दिपमाला : ते टेंगूळ मी केलंय. तो पलंगावरून पडलाच नाही. मी दार मारलं त्याला.

भिकुबाई : हळू बोल. पोर उठी.

दिपमाला : आणि तुमचा हात. फटीतच होता तुमचा हात.

भिकुबाई : चटका शे तो.

दिपमाला : आई!

भिकुबाई : बरं, नही चटका.

दिपमाला : रात्रभर मी त्याच्या कपाळाला बर्फ लावत होते आणि मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलत होते...

भिकुबाई : मनमातल्या मनमा नव्हतं ते. भीतना पलीकडे ऐकू ये.

दिपमाला : मग एक शब्द बोलायचा होतात! एवढं ऐकून घेतलंत. एकदा म्हणायचं होतंत, दिपमाला, हे तू केलंस.

भिकुबाई : म्हनती. मंग? तू ते टेंगूळ डोक्यामा लिसन सोमवारले कामवर जाती? आईना हातनं लागेल आई मरेपर्यंत मोजस. आजीना हातनं लागेल बठ्ठा विसरी जातस, आनि नातू सगळास्ना पहिले.

दिपमाला : म्हणून तुम्ही ते टेंगूळ आपल्या नावावर घेऊन गावी निघाला होतात.

भिकुबाई : पिशवीमा जागा व्हती.

दिपमाला : असं काही बोलू नका हो. थांबा, तुमच्या पायाशी बसते मी.

भिकुबाई : मंग बस. पन स्क्रू मारीसन बस. मन्हा पायनी मुंग्या आते कमरले उन्यात.

दिपमाला : अरे देवा. मारते, मारते. ...हा पहिला. धरतोय, आई. बघा, फिरत नाहीये नुसता.

भिकुबाई : जोर लाव. काल खांदामा इतला व्हता, आज कोठे गया?

दिपमाला : बोला, बोला. आज सगळं बोला. ...दुसरा बसला. हा तिसरा वाकडा जातोय.

भिकुबाई : काढ, परत घाल. कामटीना मधमा टोक ठेव. हां. आते पिळ.

दिपमाला : बसला. सोडा पाय. हळूच... सोडा. राहिलं बघा दार. लोंबलं नाही.

भिकुबाई : वं माय. पाय मन्हा शे का लाकूडना, समजत नही.

दिपमाला : इकडे द्या, चोळते.

भिकुबाई : सून-सासूना हा खेळ ऱ्हाऊ दे. दुपारनी कळण्यानी भाकर तशीच पडेल शे तुन्ही. दूध कोठून येई अंगमा? खाय पहिले.

दिपमाला : खाते. आई, त्याचं पहिलं सरकणं मी बघितलंच नाही.

भिकुबाई : मी बी निम्मंच देखं.

दिपमाला : कोणता हात आधी टाकला त्यानं?

भिकुबाई : डावा. माले दिसना तो डावाच. उजवाना हिसाब त्यालेच इचार मोठा व्हयना की.

दिपमाला : आणि हसला का? दाराशी पोचल्यावर?

भिकुबाई : तोंड नही दिसनं. पन बोट चावं त्यानी. खाले दोन दात येई ऱ्हायनात, ते तुले म्हाईत शे का?

दिपमाला : नाही.

भिकुबाई : मंग देख, मी गयी तर हे तुले कोन सांगी?

दिपमाला : तेच म्हणतेय मी. ...उठला वाटतं. थांबा, मी आणते त्याला.

भिकुबाई : तू भाकर खाय. मी लेस. ये रे मन्हा राजा. ये. देख, आईनी दार बनावं. आईले सुतार व्हवानं व्हतं, कॉलेजवालास्नी वाया घाली.

दिपमाला : आई, चार वाजून गेले.

भिकुबाई : मी काय घड्याळ इचारं? दार लागस का ते देखानं ऱ्हायनं. मी आत बसस याले लिसन. तू बाहेरथून ओढ.

दिपमाला : ओढते. ...लागलं. अलगद लागलं, आवाजसुद्धा नाही. आता उघडू?

भिकुबाई : अशी नही. पहिले इचार.

दिपमाला : काय विचारू?

भिकुबाई : दारमांगे कोन शे ते.

दिपमाला : दारामागे कोण आहे?

भिकुबाई : भूषन शे. मी शे.

दिपमाला : आणि सोमवारी?

भिकुबाई : सोमवारलेबी असंच इचारजो. मंग ढकलजो.